पेटीतून आलेली पुढची चाकं: साध्या पिकअपला फोर बाय फोर करणाऱ्यांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये, लोकलमध्ये, लेक्चरच्या मधल्या सुट्टीत, कुठेही वाचा.

आज गाड्यांचा इतिहास. पण शर्यतीच्या गाड्यांचा नाही, राजेमहाराजांच्या रोल्स रॉइसचाही नाही. आज बोलायचंय पिकअपबद्दल. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, त्यात खताची पोती, दुधाचे कॅन, नाहीतर वायरची भेंडोळी. अगदी कामकरी गाडी.

एक कल्पना करा. साल १९५३. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला एक शेतकरी शेवरोलेच्या शोरूममध्ये जातो आणि म्हणतो, "मला चारही चाकांना ताकद जाणारी पिकअप द्या." जनरल मोटर्स ही तेव्हा जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी. कोट्यवधी गाड्या विकणारी. पण विक्रेता मान हलवतो. तशी गाडी कंपनी बनवतच नाही.

आणि तरीही त्या दशकात अमेरिकेच्या रानावनात, बर्फात, शेतांत चारही चाकांनी ओढणाऱ्या शेवरोले पिकअप फिरत होत्या. त्या आल्या कुठून? उत्तर आहे मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस शहर आणि तिथून निघणारी सुट्या भागांची एक पेटी. त्या पेटीपर्यंत पोचायला मात्र आपल्याला जवळपास अर्धं शतक मागे जावं लागेल.

आधी दुखणं समजून घेऊ

पावसाळ्यात शेतात रुतलेली पिकअप कधी पाहिलीय? मागची चाकं गरागरा फिरतात, चिखल उडतो, गाडी जागची हलत नाही. मग कोणीतरी अनुभवी माणूस ओरडतो, "अरे, मागे दोघं-तिघं चढा!" लोक हौद्यात चढतात आणि गाडी निघते.

त्या माणसाने नेमकं रोगावर बोट ठेवलेलं असतं. साध्या पिकअपमध्ये इंजिन पुढे असतं. इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि लांब शाफ्टमधून मागच्या एक्सलला जाते. पुढची चाकं फक्त वळायला. हौदा भरलेला असेल तेव्हा मागच्या चाकांवर वजन असतं आणि पकड मिळते. पण हौदा रिकामा झाला की बरंचसं वजन पुढे, आणि ताकद मागे. ज्या चाकांना ढकलायचंय तीच हलकी. म्हणजे माल पोचवून परत येणारी पिकअप ही जाणाऱ्या पिकअपपेक्षा लवकर अडकू शकते.

उपाय तर लहान मूलही सांगेल. पुढच्या चाकांनाही ताकद द्या ना! वजन तिथे आहेच.

सांगायला सोपं आहे. करायला गेलं की मोठी गाठ लागते. मागची चाकं सरळ असतात, त्यांना शाफ्टने फिरवता येतं. पुढची चाकं वळतात. आता विचार करा, जो दांडा चाकाला फिरवतोय, तोच दांडा चाकाबरोबर डावी-उजवीकडे वाकलाही पाहिजे, आणि वाकलेला असतानाही फिरत राहिला पाहिजे. आपले मेकॅनिक ज्याला 'क्रॉस' म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट हे काम थोडंफार करतो. पण एकटा क्रॉस जास्त कोनात वाकला की पुढच्या दांड्याचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो जलद होतो आणि दोनदा मंद. स्टीअरिंग धरलेल्या हातांना त्याचे हिसके बसतात, भाग झिजतात, तुटतात.

म्हणून चार चाकांना ताकद देण्याचा इतिहास हा बराचसा या एका सांध्याचा इतिहास आहे.

विस्कॉन्सिनचं एक छोटं गाव

नेदरलँड्समधल्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्येच चारही चाकांना ताकद देणारी पेट्रोल इंजिनाची गाडी बनवली होती. ती होती शर्यतीची आणि चढणीची गाडी. कामाच्या गाडीसाठी आपण येऊ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, क्लिंटनव्हिल या छोट्या गावात. तिथे ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिक या दोघांनी पुढच्या चाकांना वळताना ताकद देणारा दुहेरी सांधा तयार केला. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्यातून 'फोर व्हील ड्राइव्ह' याच नावाची कंपनी उभी राहिली. लोक तिला एफडब्ल्यूडी म्हणत.

त्याच राज्यातल्या केनोशा शहरात जेफरी कंपनीने १९१३ मध्ये 'क्वाड' नावाचा ट्रक आणला. त्यात चारही चाकांना ताकद, चारही चाकांना ब्रेक आणि चारही चाकं वळणारी! १९१६ मध्ये चार्ल्स नॅश यांनी ती कंपनी विकत घेतली आणि ट्रकचं नाव झालं नॅश क्वाड.

मग पहिलं महायुद्ध. तोफांच्या माऱ्याने युरोपातले रस्ते म्हणजे नुसता चिखल झाला होता. तिथे एफडब्ल्यूडी आणि क्वाड हजारोंच्या संख्येने गेले. कारखान्यातले पुरुष सैन्यात गेल्यावर एफडब्ल्यूडीने स्त्रियांना कामावर घेतलं. त्यातली लुएला बेट्स नावाची तरुणी या अवजड ट्रकची टेस्ट ड्रायव्हर झाली. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या काळात, लाकडी आरे आणि भरीव रबराच्या चाकांवर! युद्धानंतरही ती कंपनीच्या ट्रकची प्रात्यक्षिकं करत फिरली.

युद्ध संपलं तेव्हा सैन्याचे बरेचसे ट्रक वेगवेगळ्या राज्यांच्या रस्ते खात्यांकडे गेले. गंमत बघा. जिथे रस्ते नाहीत तिथे चालण्यासाठी बनवलेल्या गाड्यांनी अमेरिकेत रस्ते बांधायचं काम केलं.

पण हे सगळे मोठे, महाग ट्रक. सैन्याला, सरकारला परवडणारे. शेतकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या साध्या पिकअपचं काय?

तयार गाडी घ्या आणि बदला

इथे आजच्या गोष्टीतली महत्त्वाची कल्पना येते. ती म्हणजे नवी गाडी बनवूच नका. बाजारात आहे ती घ्या आणि तिचं रूपांतर करा.

१९३१ साल. अमेरिकेत महामंदी. इंडियानापोलिसमध्ये मार्मन नावाची नामांकित मोटार कंपनी होती. १९११ मधली पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकणारी पिवळी-काळी गाडी याच कंपनीची. मंदीत महागड्या गाड्या कोण घेणार? तेव्हा वॉल्टर मार्मन आणि लष्करी ट्रकचा दांडगा अनुभव असलेले इंजिनिअर आर्थर हेरिंग्टन एकत्र आले आणि मार्मन-हेरिंग्टन कंपनी सुरू झाली. सुरुवातीला त्यांनी मोठाले ट्रक बनवले. इराकच्या वाळवंटात तेलाच्या पाइपलाइनचं सामान ओढायला त्यांचे ट्रक वापरले गेले.

मग १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हेरलं की फोर्डचा व्ही-एट ट्रक स्वस्त आहे, मजबूत आहे आणि त्याचे सुटे भाग गावोगावी मिळतात. मग इंजिन, केबिन, चॅसी हे सगळं नव्याने कशाला बनवायचं? फोर्ड घ्यायची, पुढचा मुका एक्सल काढायचा, तिथे ताकद घेणारा एक्सल बसवायचा, मधे ताकद वाटणारा गिअरबॉक्स लावायचा आणि विकायची. खाणवाले, लाकूडतोड करणारे, तेल शोधणारे, सैन्य, सगळे गिऱ्हाईक झाले. अर्ध्या टनाच्या त्यांच्या बदललेल्या फोर्डला काही इतिहासप्रेमी 'जीपचा आजोबा' म्हणतात.

या हेरिंग्टन यांचा आपल्याकडेही एक धागा आहे. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, भारतातल्या कारखान्यांची युद्धासाठी किती क्षमता आहे हे पाहायला अमेरिकेने एक तांत्रिक मंडळ भारतात पाठवलं. हेन्री ग्रेडी त्याचे प्रमुख होते, म्हणून ते ग्रेडी मिशन म्हणून ओळखलं जातं. त्यातले एक सदस्य आर्थर हेरिंग्टन होते. तेव्हा ते अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संघटनेचे अध्यक्ष होते.

जीपने लावलेली सवय

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आकडा मोठा आहेच, पण खरा बदल माणसांत झाला. खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेल्या पोरांनी युरोपच्या बर्फात आणि पॅसिफिकच्या बेटांवर जीप चालवली. चार चाकं ओढायला लागली की काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवलं. हे लोक घरी परतले आणि अंगणातल्या दोन चाकांनी ओढणाऱ्या पिकअपकडे बघून म्हणायला लागले, हिलाही तसं करता येणार नाही का?

काही कंपन्यांनी हे ओळखलं. १९४५ मध्ये नागरी जीप आली. १९४६ मध्ये डॉजची पॉवर वॅगन आली, लष्करी ट्रकवर बेतलेली. १९४७ मध्ये विलिसने फोर बाय फोर पिकअप आणली. आपल्याकडे त्याच दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. महाराष्ट्राच्या घाटांत पुढे कित्येक वर्षं दिसलेली जीप ती हीच.

पण शेवरोले आणि फोर्ड या सगळ्यात मोठ्या दोन पिकअपवाल्यांनी तशी गाडी कारखान्यातून काढली नाही. का? हिशेब साधा होता. लाखो पिकअप एकाच साच्यातून निघतात तेव्हाच त्या स्वस्त पडतात. चार चाकांची मागणी करणारे थोडे. त्यांच्यासाठी वेगळा एक्सल, वेगळी मांडणी, वेगळी ओळ उभारणं परवडत नाही.

ज्याच्या वाटेला तो चिखल येत होता, त्याचा हिशेब वेगळा होता. बर्फात अडकलेल्या गुरांना चारा नेता येणार की नाही? वादळात पडलेली विजेची तार जोडायला माणूस डोंगरापलीकडे पोचणार की नाही? संख्येने थोडे असले तरी त्यांच्यासाठी हा शौकाचा प्रश्न नव्हता.

मिनियापोलिसची पेटी

आता आलो आपण त्या पेटीपाशी. मिनियापोलिसमधली नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनी. आद्याक्षरं जोडून नाव झालं नॅपको. १९५० च्या दशकात त्यांनी शेवरोले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी एक संच काढला, 'पॉवर-पॅक'.

मार्मन-हेरिंग्टनच्या पद्धतीत गाडी त्यांच्या कारखान्यात जायची. इथे उलटं. इथे कारखानाच पेटीत घालून गाडीकडे यायचा. डीलरकडचा किंवा गावातला हुशार मेकॅनिक ते बसवू शकेल अशी रचना होती. चॅसीला फक्त चार भोकं पाडावी लागतात, असं जाहिरातीत सांगितलं जायचं. आणि नॅपकोने यातले बरेचसे भाग जनरल मोटर्सच्याच जातीचे वापरले. म्हणजे उद्या काही तुटलं तर मिनियापोलिसला पत्र लिहून वाट बघायला नको, शेवरोलेच्या दुकानात भाग मिळेल.

आता मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघूया काय काय होतं.

पहिली पायरी, पुढचा जुना एक्सल काढायचा. तो म्हणजे एक भरीव लोखंडी तुळई. वजन पेलणं आणि चाकं धरणं एवढंच तिचं काम.

दुसरी पायरी, तिच्या जागी नवा एक्सल. हा पोकळ. मधे डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही टोकांना वळणारे सांधे. वेग एकसारखा ठेवणारे चांगले सांधे तोपर्यंत तयार झाले होते आणि लाखो जीपमध्ये तावूनसुलाखून निघाले होते. इथे एक गोष्ट चुकवून चालत नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं दातांचं गुणोत्तर जुळलंच पाहिजे. मागची चाकं एक वेग मागतायत आणि पुढची दुसरा, असं झालं तर गाडी स्वतःशीच भांडते आणि काहीतरी तुटतं.

तिसरी पायरी, ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून येणाऱ्या ताकदीला फाटा फोडणारी पेटी. नॅपकोने ती मूळ गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे चॅसीवर रबराच्या आधारांवर टांगली. मधे एक आखूड शाफ्ट. त्यामुळे मूळ गिअरबॉक्स फोडायची गरजच नाही. या पेटीत दोन वेग होते, एक नेहमीचा आणि एक 'लो'. चार गिअर गुणिले दोन, म्हणजे पुढे जायला आठ गिअर! लो मध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी जाते, पण ओढ जबरदस्त.

चौथी पायरी, शाफ्ट. पुढच्या एक्सलसाठी नवा शाफ्ट, आणि मागचा मूळ शाफ्ट आखूड करायचा, कारण मधे आता पेटी आली. मग स्टीअरिंगचे दांडे, ब्रेकचे पाइप, केबिनच्या तळातून वर आलेले नवे लिव्हर. गाडी थोडी उंच झाली, नाक वर करून उभी राहिली.

या गाड्यांत एक पथ्य होतं आणि ते आजही तशा गाड्यांना लागू आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून शाफ्टमध्ये पीळ भरत जातो. त्यामुळे पक्क्या रस्त्यावर आलं की पुढची ताकद बंद करायची. त्या वेळी पुढची चाकं आतले भाग उगाच फिरवत राहतात, म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने जीपसाठी चाकाच्या मधोमध बसणारे सुटे होणारे हब आणले. हाताने फिरवा, चाक मोकळं. पुन्हा फिरवा, चाक जोडलेलं.

या संचाची किंमत? हजार डॉलरच्या आसपास आणि पुढे त्याहून जास्त. १९५७ मध्ये शेवरोलेची साधी अर्ध्या टनाची पिकअप दोन हजार डॉलरच्या आत मिळत होती. म्हणजे अर्ध्या गाडीहून जास्त किंमत फक्त पुढची चाकं जागी करायला. तरी लोक घेत होते. यावरून गरज किती खरी होती ते समजतं.

मोठ्यांना जाग आली

आता पुढचं वळण. नॅपकोचे संच विकले जातायत हे जनरल मोटर्सला दिसत होतंच. तिच्याच डीलरांकडे ते बसत होते! १९५६ मध्ये जीएमसीने आणि १९५७ मध्ये शेवरोलेने नॅपकोचा संच कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. ज्या गाडीला काही वर्षांपूर्वी शोरूममध्ये 'नाही' ऐकावं लागत होतं, ती आता ऑर्डरच्या कागदावर एक खूण करून मिळू लागली.

नॅपकोसाठी हा सगळ्यात मोठा मान होता. आणि शेवटाची सुरुवातही. मागणी आहे हे सिद्ध झाल्यावर मोठी कंपनी दुसऱ्याची पेटी किती दिवस घेणार? १९५९ मध्ये फोर्डने स्वतःची फोर बाय फोर पिकअप आणली. तिथे मार्मन-हेरिंग्टनचं काम संपलं. १९६० मध्ये जनरल मोटर्सने पिकअप नव्याने घडवली आणि स्वतःची चार चाकांची यंत्रणा दिली. त्या वर्षापासून नावातच फरक आला. दोन चाकांच्या ओढीची ती 'सी', चार चाकांची ती 'के'.

छोट्या कंपनीने बाजार दाखवला, मोठ्या कंपनीने तो घेतला. ॲपच्या दुनियेत तुम्ही हे रोज बघता. एखादं छोटं ॲप काही सोय देतं, लोकांना ती आवडते आणि वर्षभरात तीच सोय फोनच्या नव्या अपडेटमध्ये येते. छोट्यावर अन्याय झाला का? मला वाटतं, उत्तर सरळ नाही. नॅपकोची पिकअपमधली जागा गेली. पण शेतकऱ्याला हवी ती गाडी मिळाली, आणि ती कायमची मिळाली. आज पिकअपच्या यादीत 'फोर बाय फोर' हा साधा पर्याय वाटतो. तो तिथे आला, कारण कोणीतरी आधी कंपनीने दिलेली गाडी उलटी करून तिचा एक्सल बदलला होता.

मग आपणही करूया का?

हा प्रश्न नक्की येणार, म्हणून आधीच सांगतो. भारतात आपल्या मनाने असं करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने गाडीची जी मूळ माहिती दिलीय आणि जी नोंदणीत आहे, तिच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ठराविक बाबतीत, मान्यता असलेल्या संचांना वाट ठेवलेली आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं. त्यामागचं कारणही खोटं नाही. गाडी उंच झाली की तोल बदलतो, ब्रेकवरचा भार बदलतो, आणि रस्त्यावर आपण एकटे नसतो. चार चाकांची पिकअप हवीच असेल तर कारखान्यातून तशी बनून आलेली घ्यावी.

पण त्या काळातल्या अमेरिकी मेकॅनिककडे थोडा हेवा वाटावा असं काहीतरी होतं, हेही खरं. त्याला गाडी उघडता येत होती. आतला प्रत्येक भाग दिसत होता, समजत होता, बदलता येत होता. आज गाडीत संगणक आहे, सेन्सर आहेत, आणि मालकाला स्वतःच्या वस्तूत किती हात घालू द्यायचा यावर जगभर वाद चालू आहेत. फोनची बॅटरी स्वतः बदलता येत नाही म्हणून चिडलेला प्रत्येक जण त्याच वादाचा भाग आहे.

जुन्या नॅपको पिकअप आज अमेरिकेत हौशी लोक शोधून शोधून जमवतात आणि चकचकीत करून ठेवतात. मूळ मालकाने पहिल्याच हिवाळ्यात त्यांना चिखलाने माखवलं असेल. गाडी घेतलीच त्यासाठी होती.

आजच्यापुरतं इथेच थांबूया. तुमच्या गावातल्या जुन्या जीपची, ट्रकची किंवा ती चालवणाऱ्या आजोबांची माहिती असेल तर आम्हाला जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी रुतलेली रिकामी पिकअप दिसली की लांबून व्हिडिओ काढू नका, हौद्यात चढा. पुढचं काम मागची चाकं करतील.

भेटू पुढच्या भागात!